खोली चौघींची, करार कोणाचा?

आपल्या महाविद्यालयात बाहेरगावाहून शिकायला आलेल्या विद्यार्थिनी किती आहेत, हे वर्गातल्या हजेरीवरून कळत नाही. ते दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एस.टी.च्या फलाटावर कळते. यांतल्या थोड्या भाग्यवान वसतिगृहात असतात. काही 'कॉट बेसिस'वर राहतात, म्हणजे दुसऱ्याच्या घरातली एक खाट आणि अर्धे कपाट भाड्याने घेतात. उरलेल्या आमच्यासारख्या तिघी-चौघी मिळून दोन खोल्या घेतात आणि पोळी-भाजीला लागतात. या तिसऱ्या प्रकाराविषयी मला लिहायचे आहे.

पुण्यात खोली शोधताना भाडे किती, अनामत किती, दलाल किती घेणार याची चर्चा सर्वजण करतात. परंतु एका छपराखाली राहणाऱ्यांनी आपापसांत काय ठरवावे, याविषयी कोणी बोलत नाही. "आपण मैत्रिणी, आपल्यात कसला करार?" एवढे म्हटले की विषय मिटतो. माझे मत नेमके उलट आहे. जिच्या घरून पैसे वेळेवर येतात तिला कराराची फारशी गरज नसते. जिच्या वडिलांचे पैसे कांदा विकल्यावर येतात आणि जिची शिष्यवृत्ती परीक्षा उलटून गेल्यावर जमा होते, तिला मात्र लेखी कराराची गरज सर्वांत अधिक असते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की अशा खोलीत दोन करार असतात. एक मालकाशी, दुसरा आपापसांत. पहिल्याला बोलीभाषेत भाडेकरार म्हणतात, पण बहुतेक वेळा तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो, म्हणजे आपल्याला जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात या परवानगीची व्याख्या आहे. ती व्यक्तिगत असते. वेगळे काही ठरले नसेल तर एकीची परवानगी दुसरीला देता येत नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते. 'करार अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?' असे काही मालक सांगतात. परंतु महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ही जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर नोंदणी नसेल तेव्हा अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हते. राज्यशास्त्र हा माझा विषय, पण संविधानाची कलमे पाठ करणाऱ्या आम्हांला आपल्या डोक्यावरच्या छपराचे कलम कोणी सांगितले नव्हते. असो.

आता या करारावर नाव कोणाचे घालावे? बहुतेक मालक म्हणतात, "एकीच्याच नावावर करू, चौघींना कशाला नाचवता?" ऐकायला हे सोयीचे वाटते. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या इमारतीत तिघी मुली अशाच राहत होत्या. जिच्या नावावर करार होता तिचे लग्न ठरले आणि ती मार्गशीर्षात गावी गेली. मालकाने उरलेल्या दोघींना सांगितले की माझा करार तिच्याशी होता, तुम्हांला मी ओळखत नाही. दोघींनी अनामतीतला आपला वाटा भरला होता, परंतु तो मैत्रिणीच्या हातात रोख दिलेला; मालकाच्या कागदावर त्यांचा मागमूस नव्हता. सत्र परीक्षेच्या आधी आठ दिवस त्या नवी जागा शोधत फिरत होत्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी शासनाच्या निर्वाह भत्त्याच्या ज्या योजना आहेत, त्यांच्या अर्जांतही तुम्ही कोठे राहता हा प्रश्न असतोच. कागदावर नाव नसलेली मुलगी त्याला उत्तर काय देणार?

नाव एकीचेच का, याला आणखी एक कारण असते, आणि ते उघड बोलले जात नाही. आम्ही चौघी म्हणजे जुन्नरची, सांगोल्याची, परभणीची आणि मी माणची. (गावांवरूनच आम्ही एकमेकींना हाक मारतो.) खोली शोधताना फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नसे, आडनावाचा असे. परभणीचीने आडनाव सांगितले की जागा नुकतीच गेलेली असे. तासाभराने जुन्नरचीने फोन केला की तीच जागा पुन्हा रिकामी झालेली असे. माझ्या जिल्ह्यात, साताऱ्याला, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली आणि विद्येच्या माहेरघरी आम्ही अजून फोनवर आडनावाची परीक्षा देत आहोत. अशा वेळी 'चालणाऱ्या' आडनावावर करार करून बाकीच्यांनी मुकाट्याने आत शिरावे, हा मार्ग सोपा असतो. पण जिला जागा नाकारली जाते तिचेच नाव त्यामुळे कागदावरून पुसले जाते. आम्ही पाच जागा सोडल्या आणि सहाव्या ठिकाणी चौघींची नावे घातली. त्या मालकीणबाईंनी आडनाव विचारले नाही. 'स्वयंपाक करून मोरी स्वच्छ ठेवता का?' एवढेच विचारले.

चौघींनी सही करण्याचा दुसरा अर्थही समजून घ्यावा. आमच्या खोल्यांचे भाडे १२,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी ३,०००. आपण समजतो की माझे ३,००० मी दिले, माझा प्रश्न सुटला. कायदा तसे मानत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे ४३ वे कलम सांगते की अनेकांनी मिळून एक वचन दिले असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर समोरचा माणूस कोणाही एकाकडून संपूर्ण वचन पुरे करून घेऊ शकतो. म्हणजे मालकीणबाई एकट्या माझ्याकडे बारा हजार मागू शकतात. मी ते भरले तर बाकीच्या तिघींकडून प्रत्येकीचा सारखा वाटा मागण्याचा हक्क मला आहे. पण त्यांतली एक देऊ शकली नाही, तर तो तोटा उरलेल्यांनी सारखा वाटून घ्यायचा. मग आम्हा तिघींवर चार-चार हजार येतात. कायद्याच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. परंतु सारखा वाटा सर्वांना सारखा जड नसतो. एकीचे हजार रुपये म्हणजे एक बाहेरचे जेवण आणि एक ड्रेस. दुसरीचे हजार म्हणजे महिन्याचा किराणा. कायदा 'वेगळे ठरले नसेल तर' असे म्हणतो, आणि आपापसांतल्या कराराला वाव मिळतो तो तिथेच.

आमच्या गावी विहिरीत चार आण्याचा, दोन आण्याचा हिस्सा असतो. पाण्याची पाळी कोणाची, रात्रीची वीज असली की दारे धरायला कोणी जायचे, मोटर जळली तर खर्च कसा वाटायचा, हे सर्व ठरलेले असते. त्यावरून भाऊबंदकी होते, डोकी फुटतात; पण नियम काय होता हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. मुंबईत गिरण्या चालू होत्या त्या काळी कोकणातल्या एकेका गावचे लोक मिळून चाळीत खोली घेत, दरमहा वर्गणी भरत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. त्यांनाही लिहून ठेवण्याची फारशी गरज नव्हती, कारण सगळे एका गावचे. चुकलेल्याची तक्रार गावात त्याच्या बापापर्यंत जाई. आम्हा चौघींचे गाव एक नाही. सांगोल्याचीला 'पाहुणा' म्हणजे जे वाटते ते जुन्नरचीला वाटत नाही. म्हणून लिहिणे भाग होते.

लिहायचे कसे, हे मला आईच्या बचत गटाने शिकवले. तिच्या गटाची ठरावाची वही मी शाळेत असल्यापासून पाहत आले आहे. तारीख, हजर कोण, काय ठरले, खाली सह्या. माझी आई सही करायला शिकली ती त्या वहीसाठी. आम्ही तशीच दोनशे पानी वही आणली. मुद्रांक नाही, वकील नाही. तीन हजारांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढणार नाही हे आम्हांला कळत होते. वही होती ती आठवणीसाठी. भांडणाच्या वेळी प्रत्येकीची आठवण आपापल्या सोयीची होते.

झाडलोट, भांडी, गॅस, वीजबिल यांचे ठराव अर्ध्या तासात झाले. त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. फक्त इस्त्री आणि पाणी तापवायची कांडी यांवरून थोडी कुरबुर झाली. मटण शिजवायचे की नाही यावर मात्र तासभर शांतता होती. शेवटी जुन्नरची, जी खात नाही, तीच म्हणाली की रविवारी शिजवा, माझा तवा वेगळा ठेवा. तसे लिहिले.

सर्वांत लांब चर्चा झाली ती पाहुण्यांची. शहरातल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटेल. पण गावाकडच्या मुलीची पुण्यात खोली झाली की ती सगळ्या भावकीची खोली होते. कोणी दवाखान्यासाठी येतो, कोणी भरतीच्या परीक्षेला, कोणी नुसतेच 'पोरगी कशी राहते बघून यावं' म्हणून. चुलत्या-मावश्या येतात त्यांचे सोपे असते, बायका बायकांत झोपतात. वडील आले की काय करायचे? गेल्या पावसाळ्यात सांगोल्याचीचे वडील तिची फी घेऊन आले. शेवटची गाडी चुकली. चार तरण्या मुलींच्या खोलीत कसे थांबायचे म्हणून ते 'माझी सोय आहे' असे सांगून गेले आणि रात्रभर स्वारगेटच्या बाकावर बसले. हे तिला महिन्याने गावी गेल्यावर कळले. त्यांना थांबा म्हणायचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हेच तिला त्या रात्री ठाऊक नव्हते. म्हणून आमच्या वहीत ठराव आहे: कोणाचेही वडील किंवा सख्खा भाऊ मुक्कामाला आल्यास बाहेरची खोली त्यांची, आम्ही चौघी आत, तिघींना आधी विचारण्याची गरज नाही, नुसते सांगावे. हा ठराव मालकीणबाईंनाही वाचून दाखवला. इतर पाहुण्यांना तीन रात्री.

मग निघाला खोली मधेच सोडण्याचा विषय. पुस्तकी नियम असा की जाणारीने महिनाभर आधी सांगावे आणि आपल्या जागी सर्वांना पसंत अशी दुसरी आणून द्यावी. जुन्नरची हसून म्हणाली, "लग्न काय महिना आधी कळवून ठरतं?" त्या हसण्यात चौघींचीही भीती होती, कारण आमच्यापैकी प्रत्येकीला घरून एक मुदत मिळालेली आहे, कोणाला पदवीपर्यंत, कोणाला 'चांगलं स्थळ येईपर्यंत'. तेव्हा ठरले ते असे: लग्न किंवा घरचे आजारपण या कारणाने जावे लागले तर जाणारीने चालू महिन्याचेच भाडे द्यावे. पुढचा एक महिना तिचा वाटा सामाईक डब्यातून भरावा. हा डबा म्हणजे आमची भिशीच. प्रत्येकी दरमहा २०० रुपये. शिष्यवृत्ती रखडली तरी त्यातूनच दोन महिन्यांपर्यंत उसने मिळते, व्याज नाही.

अनामत ३६,००० ची आहे, प्रत्येकी ९,०००. नवी येणारी आपले नऊ हजार जाणारीला देते, अशी सर्वत्र रीत आहे. यात एक खोच आहे. मालक खराबीची रक्कम कापतो ती शेवटी, सगळ्यांनी जागा सोडताना. तेव्हा आधीच्या मुलीने फोडलेल्या बेसिनचे पैसे नंतरचीच्या गळ्यात पडतात. म्हणून प्रत्येक बदलाच्या दिवशी भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढून वहीत नोंद करावी आणि झालेल्या खराबीचा वाटा तेव्हाच कापून घ्यावा. तसेच मालकाशी केलेल्या नोंदणीकृत करारात नवीचे नाव आपोआप चढत नाही. त्यांची लेखी संमती घ्यावी आणि करार नव्याने करून घ्यावा.

फेब्रुवारीत जुन्नरचीचे लग्न ठरले. तिच्या जागी गडहिंग्लजची आली. आम्ही तिच्यापुढे वही ठेवली, तिने ती पहिल्या पानापासून वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि विचारले, "आईवर इथं उपचार चालू करायचेत. ती महिनाभर राहिली तर चालेल का?" त्या रात्री आम्ही नवा ठराव लिहिला: आई असेपर्यंत वीज आणि गॅस यांचे पाच भाग करावेत, भाड्याचे चारच. आठवड्याने त्या आल्या. मुलीने वही वाचून दाखवली तेव्हा त्यांनी पेन मागितले. त्या ठरावाखाली पाच सह्या आहेत.