परराज्यातली गाडी घेताय? आधी कराचा हिशेब मांडा



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईनं कर्ज मागितलं. सासऱ्यांना वरचेवर अकोल्याला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि बऱ्हाणपूरला एक जुनी कार स्वस्तात मिळत होती. सगळ्यांनी होकार दिला. मी विचारलं, "इथल्या कराचे पैसे धरले का?" ताई म्हणाली, "मालकानं जन्मभराचा कर भरलाय की!"

इथंच आपली गफलत होते. आपल्या देशात गाडीवरचा कर राज्य सरकार घेतं. मध्य प्रदेशात भरलेला कर तिथला. गाडी सातपुडा ओलांडून जळगाव जामोदला कायमची आली, की महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो ठरवताना आपण किती पैसे मोजले ते पाहत नाहीत. गाडी नवी असतानाची किंमत, तिचं इंधन आणि वय पाहतात. गाडी जितकी जुनी, तितका कर कमी. म्हणून गाडी स्वस्तात मिळाली तरी कर स्वस्त असेलच असं नाही.

आता कामाचा क्रम ऐका. आधी मूळ मालकानं त्याच्या आरटीओकडून ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी घ्यायची. त्यासाठी फॉर्म २८ असतो. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची संमती लागते. थकलेला कर आणि दंडही आधीच फेडून घ्या. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० भरायचे. खरेदीपासून ३० दिवसांच्या आत आपण आपल्या आरटीओला कळवायचं. मग बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात फॉर्म २७ देऊन, कर भरून एमएच-२८ चा नंबर घ्यायचा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

"बारा महिने चालतं," असं पुष्कळजण सांगतात. कायद्यात १२ महिन्यांची गोष्ट आहे ती नवीन नंबर घेण्याबद्दल. ती करमाफी नव्हे, आणि मालकी बदल कळवायची मुदतही त्यानं वाढत नाही.

जुन्या राज्यात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो का, तेही तिथल्या आरटीओत विचारा. त्यासाठी इथल्या नव्या नोंदणीचा पुरावा लागतो. पावत्या जपून ठेवा. कराचे पैसे एजंटच्या हातात रोख देऊ नका. पावती गाडीच्या नंबरासह स्वतः वाचून घ्या.

आमच्या ताईनं आरसी बुकाची प्रत मागवली, आरटीओत कराचा आकडा विचारला आणि तो धरून मालकाशी पुन्हा भाव केला. कर्जाचा ठराव आम्ही त्यानंतरच लिहिला. गटातला पैसा आपल्या घामाचा असतो. सौदा ठरण्याआधी हिशेब मांडा, नंतर नाही.