सुटी करता येणारी इमारत

बांधकामातल्या चक्रीय अर्थव्यवस्थेचे सूत्र साधे आहे. डोंगरातून, नदीतून किंवा जंगलातून एकदा काढलेला माल शक्य तितका काळ वापरात ठेवायचा आणि इमारतीचे आयुष्य संपले तरी मालाचे संपू द्यायचे नाही. आजची रीत उलटी आहे. खाणीतली खडी काँक्रीटमध्ये जाते आणि काही दशकांनी राडारोडा होऊन खाडीकाठी किंवा नाल्यात पडते. युरोपीय संघातल्या एकूण कचऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक कचरा बांधकाम आणि पाडकामाचा असतो. पुनर्विकासाने वेग घेतलेल्या मुंबई-पुण्यात हा प्रश्न आता गल्लोगल्ली दिसतो.

मालाच्या फेरवापराला पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी म्हणजे उभी इमारत दुरुस्त करून वापरणे. ते शक्य नसेल तर तिचे भाग अखंड काढून दुसरीकडे बसवणे, तेही जमत नसेल तर माल वितळवून किंवा दळून नव्याने घडवणे. भरावासाठी वापर अगदी शेवटी. चर्चा बहुतेक वेळा दळण्यापासून सुरू होते, तोवर मालाची बरीचशी किंमत गेलेली असते.

भाग अखंड काढण्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातला जुना वाडा. त्याचे सागवानी खांब, तुळया आणि कड्या खाचा पाडून, लाकडी खुंट्या ठोकून एकमेकांत बसवलेल्या असतात. खुंटी काढली की तुळई सुटते आणि शंभर वर्षांचे मुरलेले लाकूड पुन्हा कामाला येते. भिंतीचेही तसेच. चुना विटेपेक्षा मऊ असतो. हलका टोला दिला की तो सुटतो आणि वीट साबूत हाती येते. सिमेंटचा मसाला बऱ्याचदा विटेपेक्षाही कडक होतो, त्यामुळे भिंत फोडताना भेग विटेतूनच जाते आणि उरतात ते तुकडे. फेरवापराचा निकाल बराचसा असा जोडातच लागलेला असतो.

असा माल नव्या घरात कसा शोभतो, हे नवी मुंबईतल्या ‘कोलाज हाउस’मध्ये दिसते. एस+पीएस आर्किटेक्ट्स या संस्थेने रचलेल्या या घराचा दर्शनी कोपरा शहरात पाडलेल्या घरांच्या जुन्या दारे-खिडक्यांनी बनवला आहे. उरलेल्या लोखंडी पाइपांचे तुकडे बांबूसारखे जुळवून एक भिंत उभी केली आहे आणि तिच्यातूनच पावसाचे पाणी खाली येते. गच्चीवरचे खांब एका मोडलेल्या जुन्या घराचे आहेत. अशा कामाला मजुरी आणि सुताराचा वेळ जास्त लागतो. मात्र पैसा खाणीऐवजी कारागिराच्या हाती जातो.

लोखंडाचे चक्र भंगार बाजाराने केव्हाच पूर्ण केले आहे. पाडकामाचा ठेकेदार काँक्रीट फोडून सळई काढतो ती तिला भाव आहे म्हणून. जालन्यातले पोलाद कारखाने भंगार वितळवून नव्या सळया बनवतात. काँक्रीटला असा भाव नाही, म्हणून ते रात्रीतून कुठेतरी टाकले जाते.

तरीही काँक्रीटचे बरेच काही करता येते. दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला. तिथे तुकडे दळून, धुऊन, चाळून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक बनतात. जुन्या खडीला सिमेंटचा थर चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी जास्त शोषते. म्हणूनच ‘आयएस ३८३ : २०१६’ या भारतीय मानकात तिला मर्यादा घातल्या आहेत : सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच, भरड खडीच्या २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि पायाखालच्या हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के.

या दळणाची एक मर्यादा फारशी सांगितली जात नाही. जुन्या खडीने डोंगर वाचतो, सिमेंट वाचत नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वायू भट्टीत चुनखडी फुटताना निघतो. काँक्रीट दळून तो भट्टीत परत जात नाही. औष्णिक वीज केंद्रांची राख आणि लोखंडाच्या झोतभट्टीची मळी मिसळल्याने सिमेंटमधले क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघणारा मूळ घटक, कमी होते, त्याचा उपयोग नक्कीच आहे. पण सर्वांत मोठी बचत सांगाडा न पाडण्यात आहे.

नव्या इमारतीत ही तयारी आराखड्यापासूनच लागते : वेल्डिंगऐवजी बोल्ट, स्लॅबमध्ये गाडण्याऐवजी उघड्या नळ-वाहिन्या, चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवलेली तावदाने आणि कोणता माल कुठे आहे याची नोंदवही. नेदरलँड्समधल्या ब्रुमेन गावाच्या नगरपालिकेची इमारत पुढे सुटी करता यावी अशाच बेताने बांधली गेली.

भारतात बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्यांना तो वेगळा करणे बंधनकारक केले. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर मालाच्या फेरवापराची जबाबदारी टाकली असून त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली. लहान इमारती या चौकटीबाहेर राहतात आणि शहरांतल्या अनेक जुन्या सोसायट्या त्यातच मोडतात. पुनर्विकासाचा करार करताना अशा सोसायट्यांनी दोन कलमे आग्रहाने घालून घ्यावीत : यंत्र लावण्यापूर्वी दारे, खिडक्या, फरशा आणि लाकूड हाताने काढण्याची मुदत, आणि राडारोडा प्रक्रिया केंद्रात पोहोचल्याच्या पावत्या.