आठ पानं, बारा लाख कोटी साक्षीदार

१ ते १०० कोटी या संख्यांमध्ये मूळ संख्या किती? उत्तर आहे ५ कोटी ८ लाख ४७ हजार ५३४. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग न जाणारी संख्या: २, ३, ५, ७, ११, १३... पहिल्या १०० संख्यांत त्या २५ आहेत, पहिल्या १,००० मध्ये १६८, पहिल्या १० लाखांत ७८,४९८. पुढची मूळ संख्या नेमकी कुठे येईल, हे सांगणारं सोपं सूत्र कुणाकडे नाही. पण अमुक एका संख्येपर्यंत त्या साधारण किती असतील, याचा अंदाज बांधता येतो. तो किती अचूक बांधता येतो, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

१०० कोटींना त्यांच्याच नैसर्गिक लॉगॅरिदमनं भागलं, तर उत्तर खऱ्या आकड्यापेक्षा सुमारे २६ लाखांनी कमी येतं. कार्ल फ्रीडरिख गाउसनं सुचवलेली संकलनाची रीत वापरली, तर ते १,७०१ नं जास्त येतं. आणि बर्नहार्ड रीमानच्या सूत्राचा फक्त मुख्य भाग वापरला, तर चूक उरते ७९ ची. म्हणजे ६ लाख ४० हजारांत एक! रीमाननं हे सूत्र १८५९ मध्ये मांडलं. पडताळा घ्यायला त्या काळी जी मोजणी उपलब्ध होती, ती ३० लाखांपर्यंतच पोचली होती.

हे ज्या निबंधात आलं तो छापील आठ पानांचा आहे. मूळ संख्यांवर रीमाननं उभ्या आयुष्यात प्रसिद्ध केलेला हा एकच निबंध.

रीमानचा जन्म १७ सप्टेंबर १८२६ चा, हानोफर राज्यातल्या ब्रेझेलेन्त्स या खेड्यातला. वडील पाद्री, घरात सहा भावंडं, पैशाची कायम ओढाताण. शाळेत असताना मुख्याध्यापकांनी त्याला लेजांद्रचा संख्यासिद्धांतावरचा ८५९ पानांचा ग्रंथ वाचायला दिला आणि त्यानं तो आठवड्याच्या आत वाचून परत केला, असं सांगतात. १८४६ मध्ये तो गॉटिंगेनला गेला तो धर्मशास्त्र शिकायला. वडिलांची परवानगी मिळवून गणिताकडे वळला. १८५१ मध्ये गाउसच्या हाताखाली त्याला डॉक्टरेट मिळाली.

१० जून १८५४ रोजी विद्यापीठात शिकवण्याचा परवाना मिळवण्यासाठी त्यानं एक व्याख्यान दिलं. त्यानं सुचवलेल्या तीन विषयांपैकी शेवटचा, भूमितीच्या पायाचा विषय गाउसनं निवडला. कितीही मितींच्या वक्र अवकाशाची भूमिती या एका व्याख्यानातून उभी राहिली आणि ६१ वर्षांनी आइनस्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत तिच्याच भाषेत लिहिला. एवढं काम हातून झालेल्या माणसाच्या पहिल्या वर्गाला विद्यार्थी आले आठ, आणि तेवढ्यानंही तो हरखून गेला होता. पुढच्या वर्षी त्याला विद्यापीठाकडून मानधन सुरू झालं: वर्षाला २०० थालर.

मग १८५९ साल उजाडलं. मे महिन्यात गाउसच्या जागी आलेला डिरिक्ले वारला. जुलैअखेर ती जागा रीमानला मिळाली आणि ११ ऑगस्टला बर्लिनच्या विज्ञान अकादमीनं त्याला पत्रव्यवहारी सदस्य म्हणून निवडलं. नव्या सदस्यानं आपलं चालू संशोधन अकादमीला कळवावं, असा रिवाज होता. रीमाननं सन्मानाबद्दल आभार मानून जे पाठवलं, तीच ही आठ पानं.

त्यांच्या केंद्रस्थानी झीटा नावाचं एक फल आहे. त्यात एक संमिश्र संख्या, म्हणजे प्रतलावरच्या एका बिंदूनं दाखवता येणारी संख्या, घातली की उत्तरादाखल दुसरी संख्या मिळते. ज्या संख्या घातल्यावर उत्तर ० येतं, ती त्याची शून्यस्थानं. −२, −४, −६... ही शून्यस्थानं सहज हाती लागतात. बाकीची सगळी ० ते १ एवढ्याच रुंदीच्या एका उभ्या पट्ट्यात आहेत, आणि ती अगणित आहेत. प्रत्येक शून्यस्थान मूळ संख्यांच्या अंदाजात एका लाटेएवढी दुरुस्ती करतं. या सगळ्या लाटा मिळवल्या, तर १०० कोटींवरची ती ७९ ची चूकही पुसली जाते आणि अंदाज राहत नाही, नेमका आकडा मिळतो.

रीमानला वाटलं की ही सगळी शून्यस्थानं पट्ट्याच्या बरोबर मध्यरेषेवर, म्हणजे १/२ वर, असली पाहिजेत. हेच रीमान गृहीतक. ते खरं असण्याची शक्यता फार मोठी आहे, पण थोडे प्रयत्न करूनही सिद्धता मिळाली नाही, म्हणून तूर्त बाजूला ठेवतो, अशा अर्थाचं त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं. त्या कबुलीनंतर सुरू झालेली मोजणी आजही चालू आहे.

१९०३ मध्ये डेन्मार्कच्या ग्रामनं पहिली १५ शून्यस्थानं काढली. सगळी मध्यरेषेवर. १९३० च्या दशकात टिचमार्शनं छिद्रपत्रांवर चालणाऱ्या यंत्रांच्या मदतीनं १,०४१ तपासली. १९५० मध्ये अॅलन ट्युरिंग मँचेस्टरच्या संगणकावर १,१०४ पर्यंत गेला आणि यंत्र बिघडल्यानं थांबला. १९८६ मध्ये आकडा १५० कोटींवर गेला. २००४ मध्ये गूर्दों आणि दमिशेल यांनी तो दहा लाख कोटींवर नेला. २०२१ मध्ये प्लॅट आणि ट्रजियन यांनी गणिती काटेकोरपणे तपासून प्रसिद्ध केलेला आकडा बारा लाख कोटींच्या पुढे आहे. सेकंदाला एक या वेगानं माणूस ती मोजायला बसला, तर सुमारे ३ लाख ९० हजार वर्षं लागतील. आपली मानवजात या पृथ्वीवर आहे तीच जेमतेम तीन लाख वर्षं. आजवर एकही शून्यस्थान रेषेबाहेर सापडलेलं नाही.

या मोजणीत खुद्द रीमानचाही हात आहे. आठ पानांत एकाही शून्यस्थानाची किंमत दिलेली नाही, त्यामुळे त्यानं नुसत्या अंतःप्रेरणेवर लिहिलं असावं असा समज पसरला होता. गॉटिंगेनच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली त्याची हस्तलिखितं कार्ल लुडविग झीगेलनं चिकाटीनं वाचली आणि १९३२ मध्ये जगाला सांगितलं, की पहिली काही शून्यस्थानं रीमाननं हातानं काढली होती आणि त्यासाठी एक जलद सूत्रही शोधलं होतं. आधीच्या रीतीनं दहा लाख कोटीव्या शून्यस्थानाजवळ पोचायचं, तर हजारो कोटी पदांच्याही कितीतरी पलीकडची बेरीज करावी लागते. या सूत्रानं सुमारे सव्वासहा लाख पदं पुरतात. टिचमार्शपासून गूर्दोंपर्यंतची मोजणी याच सूत्राच्या आधारे झाली. ७३ वर्षं ते कागद पडून होते, तरी झीगेलनं उघडले तेव्हा जगातल्या कुठल्याही रीतीपेक्षा ते पुढे होते.

मग बारा लाख कोटी साक्षीदार एकमुखानं बोलत असताना गणितज्ञ निकाल का देत नाहीत? कारण आकड्यांनी एकदा त्यांना चकवलेलं आहे. गाउसच्या रीतीनं काढलेला अंदाज खऱ्या संख्येपेक्षा नेहमी थोडा जास्तच येतो, हे प्रत्येक तक्त्यात दिसतं. १ वर १९ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासलं, तरी तेच. पण लिटलवुडनं १९१४ मध्ये सिद्ध केलं, की पुढे कुठेतरी हे उलटतं, आणि एकदाच नव्हे, अगणित वेळा. कुठे उलटतं? १९३३ मध्ये स्क्यूजनं रीमान गृहीतक खरं धरून मर्यादा दिली. ती अशी समजून घ्या: १ लिहून पुढे ३४ शून्यं द्या. जी संख्या होईल, तेवढी शून्यं नव्या १ पुढे द्या. आता जी संख्या झाली, तेवढी शून्यं पुन्हा एका १ पुढे द्या. दृश्य विश्वातले अणू सुमारे १ वर ८० शून्यं एवढे आहेत. स्क्यूजच्या संख्येतलं एकेक शून्य एकेका अणूवर लिहायचं म्हटलं, तर अणू सुरुवातीलाच संपतील. नंतरच्या संशोधनानं ही मर्यादा १ वर ३१६ शून्यं एवढ्या टप्प्यावर आणली. तीसुद्धा कुठल्याही मोजणीच्या आवाक्याबाहेरच आहे.

म्हणून संख्यासिद्धांतात बारा लाख कोटी ही फार लहान संख्या ठरू शकते. सिद्धतेच्या वाटेवरही माणसं पुढे सरकली आहेत. १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसां यांनी रीमाननं दाखवलेल्या मार्गानं मूळ संख्यांचा मुख्य सिद्धांत, म्हणजे लॉगॅरिदमवर आधारलेल्या त्या सुरुवातीच्या अंदाजामागचा नियम, सिद्ध केला. हार्डीनं १९१४ मध्ये मध्यरेषेवर अगणित शून्यस्थानं आहेत हे दाखवलं, आणि निदान दोन-पंचमांश शून्यस्थानं त्या रेषेवर आहेत, हे कॉनरीनं १९८९ मध्ये. राहिलेल्यांचा प्रश्न खुला आहे. हिल्बर्टनं १९०० मध्ये मांडलेल्या २३ प्रश्नांत तो आठवा होता. २००० मध्ये क्ले संस्थेनं त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं.

रीमानला स्वतःला मिळालेला वेळ फार थोडा होता. प्राध्यापकपद सात वर्षं, त्यातली १८६२ पासूनची बरीचशी क्षयानं खाल्ली. हवापालटासाठी तो इटलीत राहिला. मुलगी इडा पिसात जन्मली. १८६६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं आणि पॅरिसच्या अकादमीनं त्याला परदेशी सदस्यत्व दिलं. त्याच वर्षी २० जुलैला, चाळिशी गाठण्याआधी, माजोरे सरोवराकाठी सेलास्का इथे तो गेला. त्याचं समग्र लेखन एका खंडात मावलं.

अकादम्यांनी दिलेले मान मोठेच आहेत. पण त्याचा खरा मान मला त्या कबुलीत दिसतो. मनाची खात्री असूनही सिद्धता नाही, हे त्यानं लपवलं नाही, आणि त्याच्यामागून गणितानं तीच शिस्त पाळली. रेषेबाहेरचं एकच शून्यस्थान हे गृहीतक पाडायला पुरेल. रेषेवरची बारा लाख कोटी ते उभं करायला पुरत नाहीत. एवढा पुरावा हाती असताना ‘अजून माहीत नाही’ म्हणण्याचं धैर्य गणितानं टिकवलं आहे, आणि त्याचा धडा त्या आठ पानांतच लिहिलेला होता.