पोपट शिव्या देतो, शिकवतं कोण?

पोपटाला कधी पोलीस ठाण्यात हजर केल्याचं ऐकलंय? ऑगस्ट २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात हे खरोखर घडलं. एका आजींची तक्रार होती, की नातेवाइकाचा पोपट आपल्याला बघून शिव्या देतो आणि त्या त्याला मुद्दाम शिकवल्या आहेत. पोलिसांनी सगळ्यांना बोलावलं, पिंजऱ्यासकट 'हरियल'लाही. पण साहेबांसमोर हरियल महाराज एकदम गप्प! शेवटी त्याला वन खात्याच्या ताब्यात दिलं.

वन खात्याकडं का? कारण आपला लाल चोचीचा हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. तुमच्या गल्लीत कुणाकडं असेल, तर नुसता पिंजरा उघडून सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला दाणा शोधता येत नाही, की मांजरापासून जीव वाचवता येत नाही. वन खात्यालाच कळवा. पाळता येतात ते परदेशी पक्षी: बाजारात ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते बजरीगर, किंवा तुरेवाले कॉकॅटियल. पण खोड्या सगळ्यांच्या सारख्याच!

आता कोल्हापूरकर म्हणतील, आमच्या गल्लीत शिव्या शिकवाव्या लागतच नाहीत, पोपट ऐकूनच तयार होतो! खरं आहे ते. त्याला अर्थ कळत नाही. जोरात, रागानं उच्चारलेला शब्द तो पटकन उचलतो. मग पाहुणे हसले काय आणि आजी ओरडल्या काय, त्याला दोन्ही बक्षीसच. म्हणून वाईट शब्द आला की हसू नका, रागावूही नका. तोंड फिरवा. चांगला शब्द आला, शीळ आली, की लगेच बोला आणि एखादा दाणा द्या.

किंचाळण्याचंही तसंच. संध्याकाळी झाडांवर पोपटांचे थवे किती कलकलाट करतात, पाहिलंय ना? ते एकमेकांना हाका मारत असतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा थवा म्हणजे तुम्ही. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो ओरडतो. तुम्ही धावत येऊन "गप्प बस की रे!" म्हणता. तो शिकतो काय? ओरडलं की माणूस येतं! त्यापेक्षा आतूनच एक ठरलेली शीळ घाला आणि तो क्षणभर थांबला की मगच जवळ जा.

चावण्याआधी तो इशारा देतो. डोळ्यांतल्या बाहुल्या भरभर लहान-मोठ्या होतात, मानेची पिसं फुलतात. तेव्हा हात सावकाश मागे घ्या. चोचीवर टिचकी मारू नका, पाणी उडवू नका. त्यानं तो तुमच्या हाताला शत्रू समजायला लागतो. कुरतडायला पेरूची डहाळी द्या, आणि रात्री टीव्हीपासून लांब, अंधारात दहा-बारा तास झोपू द्या. अपुऱ्या झोपेचा पक्षी चिडचिडा होतो, अगदी परीक्षेच्या दिवसांतल्या तुमच्यासारखा. एकाएकी पिसं उपटायला लागला, तर मात्र ती खोडी समजू नका, पशुवैद्यांना दाखवा.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन करड्या पोपटाला वस्तूंची नावं, रंग, आकडे शिकवले. नाव बरोबर आलं की तीच वस्तू त्याच्या हवाली!

घरात मात्र सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा. तुम्ही दुर्लक्ष करताय आणि आजोबा गुपचूप शेंगदाणा देताहेत, असं चालणार नाही. पहिले काही दिवस तो आणखी जोरात ओरडेल, कारण पूर्वी ओरडून काम व्हायचं. बहुतेक घरं तिथंच हार मानतात.