गिटारीचा आवाज हरवतो कुठे?

शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात एक प्रकार हमखास पाहायला मिळतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलाला घरी एकट्याने सराव करताना आपले वाद्य भरदार आणि घुमणारे वाटत असते. रंगमंचावर वाद्य तेच, अॅम्प्लिफायरही तोच. पण ड्रम, बास गिटार आणि गायक सुरू झाले की त्याची गिटार जणू नाहीशी होते. बोटे हलताना दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही. मग तो आवाजाचे बटण पिळतो. ते ऐकून ड्रमवाला आणखी जोरात बडवतो, गायक ओरडू लागतो आणि श्रोते कानांवर हात ठेवतात. गिटार तरीही नीट ऐकू येत नाही ती नाहीच!

असे का व्हावे? अॅम्प्लिफायरवर आवाजाच्या बटणाशेजारी बहुधा आणखी तीन बटणे असतात : बास, मिडल आणि ट्रेबल, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या वारंवारता कमीजास्त करणारी. नवशिके वादक पहिले आणि तिसरे बटण हौसेने फिरवतात. मधल्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. खरी मेख तेथेच आहे.

एका सुरात अनेक सूर

गिटारीला सहा तारा असतात. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे तिची वारंवारता ८२ हर्ट्झ असते. सर्वांत बारीक तारेची वारंवारता सुमारे ३३० हर्ट्झ असते. बाराव्या पडद्यावर बोट दाबले की तारेची लांबी निम्मी होते आणि वारंवारता दुप्पट, म्हणजे ६६० हर्ट्झ. अगदी बाविसाव्या पडद्यावरही ती १,१७५ हर्ट्झच्या आसपासच पोहोचते.

परंतु तार कधीच एकटा सूर काढत नाही. ती अखंड कंप पावते, तशीच त्याच वेळी दोन, तीन, चार भागांतही कंप पावते. म्हणून ११० हर्ट्झच्या तारेतून २२०, ३३०, ४४०, ५५० हर्ट्झचे उपस्वरही निघतात. कोणता उपस्वर किती जोरकस, यावर नादाची जात ठरते. बासरी आणि हार्मोनियम एकाच पट्टीत वाजवली तरी तुम्ही डोळे मिटून त्या ओळखता, त्या या जातीवरूनच.

इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली चुंबके असून त्यांच्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. आता गंमत पाहा. वेटोळ्याला प्रवर्तकता असते आणि अॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलला धारिता. या दोहोंचे मिळून एक अनुस्पंदी मंडल आपोआपच तयार होते. प्रवर्तकता २.५ हेन्री आणि एकूण धारिता ७०० पिकोफॅरड धरून तुम्ही स्वतः गणित करा. उत्तर सुमारे ३,८०० हर्ट्झ येईल. त्यापलीकडचे उपस्वर झपाट्याने क्षीण होतात. शिवाय गिटारीसाठी वापरला जाणारा १२ इंची ध्वनिवर्धक ५,००० हर्ट्झच्या वर फारसा बोलतच नाही. थोडक्यात, गिटार हे मुळातच मधल्या पट्ट्यातले वाद्य आहे.

कानाची आवडनिवड

आपल्याला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. पण कान त्या सर्वांना सारखाच मान देत नाही. कानाची बाह्य नलिका सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असून पडद्याच्या बाजूने बंद असते. अनुस्पंदन नळीचा प्रयोग आठवा. एका बाजूने बंद असलेल्या नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा ध्वनी घुमतो. येथे तरंगलांबी १० सेंटिमीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. म्हणून वारंवारता ३,४०० हर्ट्झ. आपला कान याच्याच आसपास सर्वांत संवेदनशील असतो. पूर्वीच्या टेलिफोनमधून केवळ ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा पाठवला जाई, तरी बोलणे स्वच्छ कळत असे. शब्दांचा अर्थ बव्हंशी मधल्या पट्ट्यात असतो.

फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. आवाज मोठा झाला की ही तफावत कमी होते. आता त्या मुलाचे काय झाले ते कळेल. घरी हळू वाजवताना खर्ज कमी वाटला, म्हणून त्याने बास वाढवला. चमक हवी म्हणून ट्रेबल वाढवला आणि मिडल शून्यावर आणला. एकट्याने ऐकताना हे फार भारदस्त वाटते. रंगमंचावर आवाज मोठा झाल्यावर तोच बास नको इतका घुमू लागतो. त्यात बास गिटारीच्या मोकळ्या तारा ४१ ते ९८ हर्ट्झच्या असतात आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रमही तेथेच असतो. वरचा पट्टा झांजांनी व्यापलेला असतो. खालचे जोरदार सूर वरच्या सुरांना झाकून टाकतात, तसे वरचे सूर खालच्यांना झाकत नाहीत. जी जागा गिटारीची हक्काची, तीच त्याने रिकामी सोडली!

किती वाढवावे?

म्हणून मिडल पूर्ण वाढवावा असे मात्र नाही. २०० ते ५०० हर्ट्झ फार झाले तर आवाज कोंदटतो, ८०० ते १,००० फार झाले तर नाकात बोलल्यासारखा होतो आणि ३,००० च्या आसपास अति झाले तर कानाला टोचतो. शिवाय गायकाचा आवाजही याच पट्ट्यात असतो. तेव्हा साथ करताना मिडल थोडा आवरावा आणि एकल वादनाच्या वेळी वाढवावा.

वादकांनी या पट्ट्याचा उपयोग फार कल्पकतेने केला आहे. ट्यूब स्क्रीमर नावाच्या प्रसिद्ध पेडलमध्ये ४.७ किलोओहमचा रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचे धारित्र असते. १ भागिले २πRC केले की ७२० हर्ट्झ मिळतात. हा पेडल त्याखालचे सूर कमी वाढवतो आणि पुढे फार वरचे सूरही छाटतो. त्यामुळे मधल्या पट्ट्याला उठाव येतो. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या वा-वा पेडलमध्ये असाच एक उंचवटा पायाने पुढे-मागे सरकवता येतो. 'ऊ'पासून 'आ'पर्यंत तोंड उघडताना आपल्या मुखातही उंचवटे असेच सरकतात. म्हणून ती गिटार चक्क बोलल्यासारखी वाटते.

कान सांभाळा

अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते आणि कानाला फरक जेमतेम जाणवतो. कानाच्या आरोग्याचा हिशेब मात्र कडक आहे. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असे मानले, तर दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलला उरतात फक्त १५ मिनिटे! अंतर्कर्णातील नाजूक रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आवाज वाढवण्याआधी तो योग्य जागी आणावा.

हे पडताळण्यासाठी गिटारच हवी असे नाही. अनेक मोबाइल फोनमध्ये इक्वलायझर असतो. एखादे ओळखीचे गाणे लावा. प्रथम ९१० आणि ३,६०० हर्ट्झच्या पट्ट्या तळाला न्या आणि गाण्याचे शब्द कितपत कळतात ते पाहा. नंतर त्या मध्यावर आणून ६० आणि १४,००० हर्ट्झच्या पट्ट्या तळाला न्या. दोन्ही वेळा आवाजाचे बटण जागचे हलवू नका. कोणत्या वेळी गाणे अधिक हरवले, ते वहीत लिहून ठेवा आणि वर्गात इतरांच्या नोंदींशी ताडून पाहा.