'बॉम्बे जनरल' शोधू नका, 'कामा' बघा

'मुंबई डायरीज २६/११' ही मालिका पाहून त्यातलं बॉम्बे जनरल हॉस्पिटल नक्की कुठलं, असं अनेक जण विचारतात. या नावाचं हॉस्पिटल नाही, ते मालिकेपुरतं रचलेलं आहे. पण गोष्टीचा धागा थेट कामा हॉस्पिटलपर्यंत जातो. सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं, १८८६ साली सुरू झालेलं हे सरकारी रुग्णालय स्त्रिया आणि मुलांसाठी आहे.

मालिकेनं इथेच मोठा बदल केला. प्रसूती वॉर्डाच्या जागी ट्रॉमा विभाग आणला आणि मोहित रैनाचा हट्टी डॉ. कौशिक ओबेरॉय मध्यभागी ठेवला. कामावर पहिल्याच दिवशी रुजू झालेले तीन शिकाऊ डॉक्टर ही तर झकास युक्ती, कारण त्यांच्यासोबत आपणही हॉस्पिटल पहिल्यांदाच बघतो. त्यातली सुजाता म्हणजे आपली मृण्मयी देशपांडे!

खऱ्या कामामध्ये २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री कसाब आणि अबू इस्माईल हे दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी सुमारे वीस गर्भवतींना वॉर्डातून हलवून पँट्रीत सुरक्षित ठेवलं. पुढे त्यांनी कसाबला ओळखलंही. मला विचाराल तर हे कथानक ओबेरॉयपेक्षा कितीतरी जबरदस्त आहे (सर्जनशिवाय मालिका चालत नाही, असा कुणाचा तरी समज दिसतो).

पहिलं पर्व सप्टेंबर २०२१ मध्ये आलं, आठ भागांचं. ऑक्टोबर २०२३ च्या दुसऱ्या पर्वात हेच हॉस्पिटल पुरात अडकतं. दोन्ही प्राइम व्हिडिओवर आहेत.