दुःख आणि दुखणे

आमच्या वेल्ह्याकडे या आजाराला नाव नाही. 'जीव लागत नाही', 'अंग जड झालंय', 'टेन्शन आलंय' असे लोक म्हणतात. घरची माणसे 'बाहेरचं असेल' म्हणतात आणि चेष्टा करणारे 'वेड लागलंय' म्हणून मोकळे होतात. पुस्तकात त्याला नैराश्य म्हणतात. मी घरातला पहिला पदवीधर. भोरला तासिका तत्त्वावर शिकवतो. हा पुस्तकी शब्द मला ठाऊक होता. तरीही दोन वर्षांपूर्वी तो आजार माझ्या अंगावर आला तेव्हा मला तो ओळखता आला नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागत नसे. भाकरी घशाखाली उतरत नसे. एक पुस्तक महिनाभर एकाच पानावर उघडे पडून होते. आपण घरावरचा भार आहोत, एवढी एकच गोष्ट मन घोकत राही. आई म्हणाली, "कुणाची तरी नजर लागलीय रे, देवऋषाकडं जाऊन येऊ." १९५६ साली धम्म घेतला, तरी भीतीच्या घडीला आपली घरे अजून त्याच वाटेला लागतात. चळवळीतला मित्र म्हणाला, "हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. मोर्चाला ये, सगळं जाईल." दोघांचाही माझ्यावर जीव होता. दोघांनी मिळून माझे चार महिने घालवले. शेवटी वर्गातली एक मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, हा धडा तुम्ही तिसऱ्यांदा शिकवताय." त्या दिवशी मी डॉक्टरकडे गेलो.

आईच्या समजुतीशी आपण वाद घालतो. मित्राच्या समजुतीशी घालत नाही, कारण ती आपलीच आहे. म्हणून हा लेख.

दुःख वेगळे आणि दुखणे वेगळे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहत्या जागेतून हाकलले गेले आणि एका झाडाखाली बसून ते रडले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ते दुःख होते, आणि त्या दुःखाने त्यांना पुढे नेले. नैराश्याच्या आजारात माणसाची पुढे जाण्याची ताकदच आटते. मन सतत उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे ही त्याची मुख्य खूण. तिच्या जोडीला झोप बिघडणे, भूक मरणे किंवा फार वाढणे, थकवा, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार येणे. यांतल्या बऱ्याच खुणा दोन आठवडे जवळजवळ रोज राहिल्या आणि कामधंदा अडू लागला, तर तो आजार समजावा. आपल्या बायाबापड्यांच्या बाबतीत आधी शरीर बोलते. डोके दुखते, छाती धडधडते, हातपाय गळतात. मग सलाईन लावले जाते, ताकदीचे इंजेक्शन दिले जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

कारणाचे काय? कारण एक नसते. काही अंशी ते रक्ताच्या नात्यातून येते. थायरॉइडचा विकार आणि रक्ताची कमतरताही अशीच दिसते, म्हणून रक्त तपासून घ्यावे. पण कर्ज, बेकारी, नवऱ्याची दारू, मारहाण आणि रोजचा अपमान ही कारणेही तितकीच खरी आहेत. २०१६ साली हैदराबादमध्ये रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या मृत्यूकडे केवळ मनाचा कमकुवतपणा म्हणून पाहणे हा व्यवस्थेचा कावा आहे.

पण इथेच आपण एक चूक करतो. कारण समाजात आहे, म्हणून इलाजही फक्त समाजातच आहे असे धरून चालतो. वस्तीला गढूळ पाणी मिळते म्हणून हगवण लागते. नळासाठी मोर्चा काढलाच पाहिजे. पण म्हणून निपचित पडलेल्या पोराला सलाईन लावायचे थांबवायचे काय? मनाच्या आजाराचेही तसेच आहे. लढा लढ्याच्या जागी, औषध औषधाच्या जागी. उपचार घेणारा कार्यकर्ता लढा सोडून पळालेला नसतो.

या आजाराला उपचार आहे. सौम्य आजारात प्रशिक्षित समुपदेशकाशी ठरवून केलेले बोलणे बऱ्याचदा पुरते. आजार जोरात असेल तर गोळ्याही लागतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून कित्येक जण त्या फेकून देतात. दारूसारखे त्यांचे व्यसन लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद करू नयेत. बरे वाटल्यावरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. डॉक्टरला झोपेबरोबर अपमानही सांगावा. तो उडवून लावणारा डॉक्टर असेल तर दुसरा गाठावा, पण उपचार सोडू नये.

जायचे कुठे? आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. येरवड्याचे नाव काढले की लोक दचकतात, पण नैराश्याचे बहुतेक रुग्ण दाखल न होता बरे होतात. आमच्या गावाहून चेलाडी फाटा, तिथून एसटीने स्वारगेट, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. ज्याला ते परवडत नाही त्याने १४४१६ हा क्रमांक लावावा. ही 'टेलि-मानस' सेवा सरकारने २०२२ साली सुरू केली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचार हा हक्क ठरवला आहे, आणि तो देताना जातीवरून भेद करता येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता शिक्षक-कार्यकर्त्यांचे काम. गोव्यात 'संगथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. सहा ते आठ बैठकांत ती रुग्णाला रोजची छोटी कामे पुन्हा हाती घ्यायला लावत. त्याने नैराश्य कमी होते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. प्रशिक्षणाशिवाय आपण समुपदेशक होऊ शकत नाही, पण पहिला ऐकणारा माणूस होऊ शकतो. गप्प झालेल्या विद्यार्थ्याला एकटे गाठून विचारावे. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. 'येतात' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, घरातले कीटकनाशक कुलपात ठेवावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. पुढच्या तपासणीलाही सोबत जावे.

माझ्याबरोबर दुसऱ्या खेपेला तोच मित्र आला होता. स्वारगेटला त्याने चहा सांगितला आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मलाही वर्षभर झोप नाही रे." आम्ही दोन केसपेपर काढले.